घड्याळाला लटकलेला माणूस

हे दृश्य तुम्ही नक्की पाहिलंय. भिंतीवरचं मोठं घड्याळ, काट्याला लोंबकळणारा चष्मेवाला आणि खाली मुंग्यांएवढ्या मोटारी. 'सेफ्टी लास्ट', १९२३ चा मूकपट. माणसाचं नाव हॅरॉल्ड लॉइड, विनोदी नट.

घड्याळ राहू द्या. त्याचा उजवा हात बघा. त्यावर कातडीच्या रंगाचा हातमोजा आहे, आणि त्यातला अंगठा नि तर्जनी नकली आहेत. ऑगस्ट १९१९ मध्ये जाहिरातीचे फोटो काढताना बॉम्बच्या वातीवर सिगरेट पेटवण्याची पोझ ठरली. नकली समजून हातात दिलेला बॉम्ब खरा निघाला. दोन बोटं गेली, काही काळ दिसेनासं झालं.

लॉइड १८९३ साली नेब्रास्कातल्या बर्चर्ड गावी जन्मला. सुरुवातीचं त्याचं 'लोन्सम ल्यूक' हे पात्र बघा: चॅप्लिनचे कपडे ढगळ, म्हणून याचे तंग! नक्कलच ती, फक्त उलटी. १९१७ मध्ये त्यानं डोळ्यांवर जाड काड्यांचा, बिनकाचेचा चष्मा चढवला. रंगवलेलं तोंड गेलं आणि समोर आला दुकानात, ऑफिसात भेटेल असा साधा पोरगा.

आता 'सेफ्टी लास्ट'मधली ही इमारतीवरची चढाई. लॉस एंजेलिसमध्ये बिल स्ट्रोदर नावाचा माणूस उंच इमारत चढताना लॉइडनं पाहिला आणि त्यालाच सिनेमात घेतलं. दूरच्या शॉटमध्ये भिंतीवर दिसतो तो स्ट्रोदर. जवळच्या शॉटमध्ये मात्र खुद्द लॉइड. मागे पडदा लावून दाखवलेला रस्ता नाही हा, खराच आहे. खऱ्या इमारतीच्या गच्चीवर खोटी भिंत उभी केली आणि कॅमेरा अशा कोनात ठेवला, की गच्ची चौकटीबाहेर राहील आणि थेट रस्ताच दिसेल. नायक वर चढला की सेट आणखी उंच इमारतीवर. भिंतीखाली फळ्यांवर गाद्या अंथरलेल्या. चाचणीसाठी त्यांच्यावर एक बाहुला टाकून पाहिला, तर तो उसळून थेट खाली रस्त्यावर!

लॉइडला नुसतं जिगरबाज म्हणून सोडून देतात, ते आम्हाला पटत नाही. जिगर होतीच, पण तुमच्या पोटात जो गोळा येतो तो त्या कोनानं येतो. स्प्रिंगसकट घड्याळाची तबकडी बाहेर येते ना, तिथे जरा थांबून बघा. तो घसरतो, सावरतो, पुन्हा घसरतो. प्रत्येक वेळी हसू येतं आणि श्वासही अडकतो.

पुढे बोलपट आले, मंदी आली, आणि यशामागे धावणारा हा पोरगा लोकांना परका झाला. १९५३ मध्ये मानद ऑस्कर मिळालं.

बऱ्याच चित्रपटांचे हक्क त्यानं स्वतःकडे ठेवले होते. म्हणून ते टिकले, पण टीव्हीवर फारसे आलेच नाहीत. त्यामुळे नव्या पिढीला चॅप्लिन ठाऊक, त्याच काळातला विनोदी नट बस्टर कीटन ठाऊक, लॉइड मात्र एका घड्याळापुरता. १९६२ मध्ये निवडक प्रसंग जोडून त्यानं स्वतःच एक संकलन पडद्यावर आणलं. १९७१ मध्ये तो गेला.