एका भांड्यात एकच देव

नमस्कार श्रोतेहो. ममी म्हटले की डोळ्यांपुढे सोन्याचा मुखवटा घातलेला राजा येतो. परंतु प्राचीन इजिप्तमध्ये माणसांपेक्षा कितीतरी अधिक ममी प्राण्यांच्या तयार झाल्या. कैरोजवळच्या सक्कारा येथे, अनुबिस देवाच्या नावे खोदलेल्या एकाच भुयारी दफनभूमीत सुमारे ८० लाख प्राणी, त्यातही बहुतेक कुत्री, ठेवले गेले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

एपिस बैलासारखा एखादा प्राणी साक्षात देवाचे रूप मानला जाई आणि त्याचे दफन राजेशाही थाटात होई. बाकीचे प्राणी मात्र नवसाचे होते. बास्तेत देवीला मांजर, थोथ देवाला आयबिस, म्हणजे आपल्या शराटीच्या कुळातला पक्षी, अशी ममी भाविक विकत घेऊन अर्पण करीत. इतकी मागणी पुरवायची तर प्राणी मरण्याची वाट पाहून कसे भागणार? स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक ममी न उलगडता सूक्ष्म क्ष-किरण पद्धतीने तपासली, तेव्हा आत पाच महिन्यांहून लहान मांजराचे पिल्लू निघाले. त्याची दाढ अजून हिरडीबाहेर आली नव्हती, आणि मानेचे मणके तुटलेले होते. मान पिरगळून त्याला मारले असावे किंवा गुंडाळताना डोके ताठ राहावे म्हणून ती मोडली असावी.

मँचेस्टरच्या अभ्यासकांनी आठशेहून अधिक ममी तपासल्या, तर त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश ममींत प्राण्याचे अवशेषच नव्हते. बाहेरून लिननच्या पट्ट्यांची सुबक नक्षी आणि आत चिखल, काटक्या, पिसे. प्राण्याच्या वावराने या वस्तूही पवित्र झाल्या असे मानले जात असावे, म्हणून ही फसवणूक नव्हे, असे त्या अभ्यासकांचे मत आहे. ते मला पटते, पण पूर्णपणे नाही. कारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सक्काऱ्याला राहिलेल्या होर नावाच्या पुजाऱ्याने खापरांवर लिहून ठेवलेल्या मजकुरात आयबिसांच्या दफनातील गैरप्रकारांची तक्रार आहे, आणि ‘एका भांड्यात एकच देव’, म्हणजे दफनाच्या एका मडक्यात एकाच पवित्र पक्ष्याची ममी, हा नियमही आहे. सगळे नीट चालले असते, तर असा नियम लिहून ठेवण्याची वेळ आली नसती.