सॅक्रामेंटोतले अर्ल वॉरन

अमेरिकेचे सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांचे नाव घेतले की आपल्याला १९५४ चा ब्राऊन खटल्याचा निकाल, म्हणजे सरकारी शाळांतली वंशानुसार विभागणी घटनाबाह्य ठरवणारा निकाल, आठवतो. मात्र त्यापूर्वी, १९४३ ते १९५३ या काळात, ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते आणि त्या दशकाची आपण दखलच घेत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. ब्राऊन निकालाची मुळे कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो येथल्या कारभारात आहेत, हे आज मला मांडायचे आहे.

आधी आरोग्यविम्याची हकीकत सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९४२ च्या निवडणुकीत वॉरन यांच्या प्रचाराची धुरा क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर या जोडप्याकडे होती. निवडणूक प्रचार हाच पूर्णवेळ व्यवसाय करणारे अमेरिकेतले हे पहिलेच लोक. पुढे १९४४ मध्ये मूत्रपिंडाच्या संसर्गाने वॉरन रुग्णालयात दाखल झाले आणि असा आजार एखाद्या पगारदाराच्या घरात आला तर त्या कुटुंबाचे काय होत असेल, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. १९४५ च्या आरंभी त्यांनी सक्तीच्या आरोग्यविम्याची योजना विधिमंडळापुढे ठेवली : वेतनाच्या तीन टक्के वर्गणी, निम्मी मालकाची, निम्मी कामगाराची. वॉरन हे रिपब्लिकन पक्षाचे होते, हे येथे मुद्दाम सांगायला हवे. राज्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेने योजनेविरुद्ध व्हिटेकर-बॅक्स्टर यांनाच नेमले. त्यांनी वृत्तपत्रे आपल्या बाजूला वळवली, गावोगावच्या संस्थांकडून विरोधाचे ठराव करून घेतले आणि योजना अवघ्या एका मताने पडली. वॉरन यांनी पुढेही प्रयत्न केले, पण यश आले नाही. १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या राष्ट्रीय आरोग्यविमा योजनेविरुद्ध अमेरिकेच्या वैद्यक संघटनेने पुन्हा याच जोडप्याला पाचारण केले. एका मताची ती किंमत अमेरिकेतल्या सामान्य माणसाने किती वर्षे मोजली, याचा विचार आला की मी आजही अस्वस्थ होतो.

सभेच्या अध्यक्षांनी वेळेची आठवण करून दिली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या काळात, राज्याचे ॲटर्नी जनरल (सर्वोच्च विधी अधिकारी) असताना जपानी वंशाच्या नागरिकांच्या पश्चिम किनाऱ्यावरून हकालपट्टीचा वॉरन यांनी हिरिरीने पुरस्कार केला होता. तो डाग पुसता येणार नाही आणि आत्मचरित्रात त्यांनी त्याबद्दल खेद नोंदवला आहे. पण १९४७ मध्ये, मेक्सिकन वंशाच्या मुलांना वेगळ्या शाळांत घालण्याविरुद्धच्या मेंडेझ खटल्यानंतर, आशियाई वंशाच्या आणि मूलनिवासी मुलांसाठी वेगळ्या शाळा काढण्याची मुभा देणारी कलमे रद्द करणाऱ्या कायद्यावर याच वॉरन यांनी गव्हर्नर म्हणून सही केली.

दुसरी गोष्ट, उमेदवाराला दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुका (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुका) लढवू देणारा नियम तेव्हा कॅलिफोर्नियात होता आणि १९४६ मध्ये वॉरन यांनी रिपब्लिकन व डेमोक्रॅटिक अशा दोन्ही उमेदवाऱ्या जिंकल्या. विरोधी गटातल्या माणसाशी बोलत राहण्याची जी सवय त्यांना तेथे लागली, ती १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना सरन्यायाधीश नेमल्यावर कामी आली. ब्राऊन खटल्यात शेवटपर्यंत वेगळे मत धरून राहिलेले न्यायमूर्ती स्टॅनली रीड यांचे मन त्यांनी वळवले आणि निकाल नऊ विरुद्ध शून्य असा एकमताने लागला.