चिरेचं वय आणि चिरेचं गाव

नमस्कार मंडळी, बाहेर एवढा पाऊस असूनही आलात, त्यात दोघं कोथरूडहून दुचाकीवर भिजत आलेत, बरं वाटलं. विषय आहे साथीच्या काळात धुरी दिलेली टपाल आणि तिच्यावरच्या खुणा कुठल्या गावच्या ते कसं ओळखायचं. मला चाळीस मिनिटं दिली आहेत.

पुण्याला प्लेग समजावून सांगायला नको. १८९७ म्हटलं की रँड, गणेशखिंड, सावित्रीबाई, सगळं आपोआप डोळ्यांपुढे येतं. आणि २०२० मध्ये आपण पेपरवर इस्त्री फिरवलीय, दुधाच्या पिशव्या साबणाच्या पाण्यात ठेवल्यात, तेव्हा जुन्या लोकांनी पत्राला गंधकाची धुरी दिली, व्हिनेगरमध्ये बुडवलं, म्हणून त्यांना कुणी हसू नका. पत्रातून रोग येतो ही भीती खरी होती. प्लेगशी पिसवांचा संबंध फ्रेंच डॉक्टर सिमाँने १८९८ मध्ये दाखवला, तोपर्यंत कुणाला काय कळणार?

आता माझं दुखणं सांगतो, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझ्याकडे १८४० चं एक पत्र आहे, मुंबईहून लंडनला गेलेलं. पाकीट नाही, तेव्हा कागदच घडी घालून लाखेनं बंद करायचे. त्यावर दोन समांतर चिरा, छिन्नीने मारलेल्या, धूर आत जावा म्हणून. घडीची एक कड फाटली होती, तेवढीच जोडून द्या म्हणून मी इथल्याच एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. नाव घेत नाही, माणूस हाताचा चांगला आहे. तीन आठवड्यांनी पत्र परत आलं तर कागद पांढराशुभ्र, पिवळेपणा धुऊन टाकलेला, आणि दोन्ही चिरा पातळ कागद लावून बुजवलेल्या, इस्त्री केल्यासारख्या सपाट. तो आनंदाने म्हणाला, "काका, भोकं होती ना, तीपण भरून टाकली, वेगळे पैसे नाही लावले." मी रिक्षात बसून घरापर्यंत एक शब्द बोललो नाही. हिने दार उघडलं आणि विचारलं, कुणी गेलं का?

गेलंच होतं की. कारण ती भोकं म्हणजेच त्या पत्राचा प्रवास होता, अहो! पिवळेपणा धुरीचा असू शकत होता, तो धुतला. चिरेची कड म्हणजे साक्षीदार, तिला खळ लावली. जुनी पत्रं दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी शिकवायला हवं, मी गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगतोय.

नशीब, आधी काढलेले मोठे फोटो माझ्याकडे होते. त्यात दिसतं की मुंबईच्या शिक्क्याची शाई चिरेनं सरळ कापली गेलीय, म्हणजे आधी शिक्का, मग चीर. लंडनच्या शिक्क्याची शाई मात्र चिरेतून खालच्या घडीवर उतरलीय, म्हणजे आधी चीर, मग शिक्का. चीर या दोघांच्या मधली. आणि ती सगळ्या घड्यांतून एकाच जागी गेलीय, म्हणजे बंद पत्रावर मारली, नंतरचं फाटणं नाही.

पाच मिनिटं राहिली म्हणताय? बरं, मुख्य मुद्दा पटकन सांगतो. शिक्क्याची भाषा बघून गाव ठरवू नका! माल्टा तेव्हा इंग्रजांचं, तरी तिथला शिक्का फ्रेंचमध्ये, 'प्युरिफिए ओ लाझारे माल्त', म्हणजे माल्टाच्या लाझारेत, विलगीकरणाच्या जागी, शुद्ध केलेलं. ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवरचं सेमलिन, आजचं झेमुन, बेलग्रेडच्या समोर, तिथली खूण इटालियनमध्ये, आतून-बाहेरून स्वच्छ अशा अर्थाची. आणि 'नेत्ता फुओरी ए स्पोर्का देन्त्रो' दिसलं तर बाहेरून स्वच्छ, आतून नाही, म्हणजे पत्र उघडलंच नव्हतं, नुसती वरून धुरी. इतकं प्रामाणिक सरकारी वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही.

शिक्काच नसेल तर आधी मार्ग बघा, मग तारखा, मग कागद. व्हिनेगर असेल तर तपकिरी डाग आणि पसरलेली शाई, धूर असेल तर पिवळट. माझ्या पत्रावर डीलरच्या चिठ्ठीत चिरा मार्सेलच्या, म्हणजे फ्रान्सच्या बंदरातल्या, असं लिहिलं होतं, कारण तो सगळ्यांना माहीत असलेला रस्ता. पण पत्रावरच हाताने 'व्हाया फालमाउथ' लिहिलंय, फालमाउथ हे इंग्लंडचं बंदर, म्हणजे अलेक्झांड्रियाहून समुद्रानेच, फ्रान्सला वळसा घालून. मग वाटेत उरतं माल्टा, आणि दोन समांतर चिरा तिथल्या बऱ्याच पत्रांवर असतात. नुसत्या चिरेवरून मी असं म्हटलं नसतं, चीर, मार्ग आणि शिक्क्यांचा क्रम तिन्ही जुळले म्हणून म्हणतोय.

हॉलवाले दिवे बंद करायला उभे आहेत. ज्यांनी पत्रं आणलीत त्यांनी खिडकीपाशी या, उजेडात धरून बघू, हात कोरडे करून या, आणि कुणी चिकटपट्टी आणली असेल तर ती पिशवीतच राहू द्या.