हृदयातली गाठ आणि बी पेशीचा संदेश

हृदयाच्या वरच्या कप्प्यात क्वचित एक गाठ वाढते, मिक्सोमा. ती कर्करोगाची नसते. तरी काही रुग्णांना ताप येतो, सांधे धरतात आणि रक्तात स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या अँटिबॉडी (एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं) सापडतात. शस्त्रक्रियेने गाठ काढली की हे सगळं ओसरतं. गाठ हृदयात, मग अँटिबॉडी का वाढाव्यात?

याचा उलगडा जपानच्या ओसाका विद्यापीठात झाला. तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो तिथे एका रेणूच्या मागावर होते. अँटिबॉडी बनवते बी पेशी, एक पांढरी रक्तपेशी. पण जंतू समोर आला तरी ती बहुतेक वेळा एकटीने पुढे जात नाही. टी पेशी, दुसरी एक पांढरी रक्तपेशी, येऊन तिला बिलगते आणि सायटोकाइन नावाची छोटी प्रथिनं सोडते. त्यातल्या एका प्रथिनाचं जनुक या चमूने १९८६ साली वेगळं केलं. दुसऱ्या प्रयोगशाळांमध्ये हेच प्रथिन वेगवेगळ्या नावांनी वावरत होतं. शेवटी एकच नाव ठरलं: इंटरल्युकिन-६.

आता सूक्ष्मदर्शकाखाली पाहू. इंटरल्युकिन-६ आणि त्याच्या जोडीचं इंटरल्युकिन-२१ यांचा संदेश बी पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो. ब्लिम्प-१ नावाचं प्रथिन तयार होऊ लागतं, आणि त्यानंतर माघार नाही. पेशीचं विभाजन थांबतं, केंद्रक एका कडेला सरकतं, उरलेली जागा प्रथिनं घडवणाऱ्या पडद्यांनी भरून जाते. ही झाली प्लाझ्मा पेशी. सेकंदाला हजारो अँटिबॉडी बाहेर टाकणारी.

कोणत्या प्रकारची अँटिबॉडी, हेही सायटोकाइनच ठरवतात. इंटरल्युकिन-४ जास्त असेल तर आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीवाली. टीजीएफ-बीटा असेल तर आतड्याच्या अस्तराची राखण करणारी आयजीए.

काही प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षं जगतात. तिथेही शेजारच्या पेशींकडून संदेश येत राहावे लागतात. ते तुटले की त्या मरतात.

हिरानोंच्या चमूने १९८७ साली मिक्सोमाच्या पेशी तपासल्या. त्या भरमसाट इंटरल्युकिन-६ सोडत होत्या. मागणी नसताना, अखंड. संदेश खराच होता, फक्त तो पाठवणारी पेशी भलतीच होती.

मग हा संदेशच अडवला तर? त्यासाठी टॉसिलिझुमॅब आलं. हे औषध स्वतःच एक अँटिबॉडी आहे, ती इंटरल्युकिन-६ च्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवर त्याचा संदेश घेणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसते. गंमत आहे खरी! जपानमध्ये २००५ साली कॅसलमन या लसिकाग्रंथी वाढवणाऱ्या दुर्मिळ रोगासाठी त्याला परवानगी मिळाली, २००८ मध्ये संधिवातासाठी. महाराष्ट्रातल्या घराघरांत हे नाव पोहोचलं ते २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत, नातेवाईक दुकानोदुकानी ते इंजेक्शन शोधत फिरत होते तेव्हा. तिथे प्रश्न अँटिबॉडीचा नव्हता, भडकलेल्या दाहाचा होता. कारण हाच रेणू यकृतालाही कामाला लावतो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसणारं सीआरपी, म्हणजे दाहाची खूण असलेलं प्रथिन, यकृत मुख्यतः त्याच्याच सांगण्यावरून बनवतं.

म्हणून हे औषध चालू असलेल्या रुग्णाला नवा जंतुसंसर्ग झाला, तरी सीआरपी वाढेलच असं नाही. कधी ताप चढत नाही, रिपोर्ट निर्धास्त दिसतो, आणि डॉक्टरांना रुग्ण स्वतः तपासूनच ठरवावं लागतं.