सही कुणाची? अमेरिकी सरकारचं काम घेणाऱ्या छोट्या कंपन्या आणि कायदा

(दृश्य : आयडाहो राज्य. नजर पोचेल तिथपर्यंत गव्हाची शेतं.)

१९४५ सालचा वसंत. आयडाहोच्या बॉनविल काउंटीत मेरिल आडनावाच्या शेतकऱ्यांनी ४६० एकर गहू केला. त्यातली ४०० एकर म्हणजे आधीच्या हिवाळी गव्हाच्या रानातली दुबार पेरणी. पीक विमा होता केंद्र सरकारच्या महामंडळाचा. शेतकऱ्यांनी स्थानिक समितीला काहीही न लपवता सगळं सांगितलं. समिती म्हणाली, सगळ्या पिकाला विमा मिळेल. अर्ज वर गेला, मंजूरही झाला. मग दुष्काळ पडला आणि पीक करपलं.

भरपाई मागितल्यावर महामंडळाने नियमावर बोट ठेवलं. दुबार पेरणीच्या या गव्हाला विमा लागू नाही, आणि तसं फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापलेलं आहे. शेतकऱ्यांनी ते वाचलं नव्हतं. समितीलाही ते ठाऊक नव्हतं.

आयडाहोच्या कोर्टांनी शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. १० नोव्हेंबर १९४७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, ५ विरुद्ध ४ मतांनी. बहुमताचा निकाल लिहिताना न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी म्हटलं की, सरकारशी व्यवहार करणाऱ्याने समोरचा माणूस खरोखर तेवढ्या अधिकाराचा आहे का, याची खात्री स्वतः करून घ्यायची. त्या माणसालाच आपल्या अधिकाराची मर्यादा ठाऊक नसली, तरीही. विरोधी मत न्यायमूर्ती जॅक्सन यांचं. ते जाडजूड, रटाळ राजपत्र शेतकरी वाचत बसला, तर त्याला पीक विम्याची गरजच पडणार नाही, कारण पेरायला वेळच उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. वाचताना जॅक्सन पटतात. पण कायदा ठरला तो फ्रँकफर्टर यांनी लिहिलेला.

(दृश्य : वॉशिंग्टनजवळचा कार्यालयांचा पट्टा. काचेच्या इमारती, पार्किंगमध्ये गाड्या.)

आज हा निकाल सगळ्यात जास्त भोवतो तो अमेरिकी सरकारला सॉफ्टवेअर, साफसफाई, बांधकाम किंवा सल्लासेवा पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांना. सरकारच्या वतीने करार करण्याचा आणि बदलण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असतो. तो म्हणजे कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसर. त्याच्या नियुक्तिपत्राला तिथे वॉरंट म्हणतात, आणि किती रकमेपर्यंत सही करता येईल हे त्यावर लिहिलेलं असतं. रोज तुमच्याबरोबर बैठकीला बसणारा प्रोग्रॅम मॅनेजर, कामावर देखरेख ठेवणारा सरकारी प्रतिनिधी, खात्यातला एखादा वरचा साहेब, यांच्यापैकी कुणाकडेही हा अधिकार आपोआप नसतो.

आणि नेमकी हीच माणसं कामं सांगतात. “पुढच्या महिन्यात आणखी दोन माणसं लावा, कराराचं मागाहून बघू.” सांगणारा सज्जन असतो, घाईही खरी असते. छोट्या कंपनीचा मालक गिऱ्हाईक दुखवायचं नाही म्हणून माणसं लावतो. तीन महिन्यांनी बिल पाठवतो. बिल परत येतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! मागाहून मान्यता देण्याची एक प्रक्रिया आहे खरी, पण ती देणं सरकारच्या मर्जीवर असतं.

अशा वेळी करायचं काय? त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल, थेट कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला : आजच्या बैठकीत अमुक काम सांगितलं गेलं, ते आम्हाला कराराच्या कक्षेबाहेरचं वाटतं, आपला लेखी निर्देश मिळताच सुरू करू. बदल मान्य असेल तर तो स्टँडर्ड फॉर्म ३० या नमुन्यावर येतो. त्याच्या खालच्या भागात सहीच्या दोन चौकटी असतात, एक कंत्राटदाराची आणि एक कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरची. ही दुसरी चौकट रिकामी असेल तोवर काहीही बदललेलं नाही.

(दृश्य : लुइझियाना. फोर्ट पोक लष्करी तळाची जुनी छायाचित्रं.)

बोललेल्याला किंमत नाही, हे एक वेळ समजून घेता येईल. पण जे लिहिलेलंच नाही, तेही बंधनकारक ठरू शकतं.

लुइझियानातल्या फोर्ट पोक या तळावर सैनिकांसाठी सुमारे २००० घरं बांधायचं कंत्राट एका कंपनीला मिळालं होतं. १९५८ साली लष्कराने तळच बंद करायचं ठरवलं आणि कंत्राट मोडलं. कंपनीने बुडालेला नफा मागितला. सरकारच्या सोयीसाठी करार संपवण्याचं कलम त्या करारात नव्हतंच. १९६३ साली कोर्ट ऑफ क्लेम्सने, म्हणजे सरकारवरच्या दाव्यांच्या न्यायालयाने, निर्णय दिला की, नियमांनुसार हे कलम असायलाच हवं होतं, म्हणून ते आहे असं समजून करार वाचायचा. म्हणजे बुडालेला नफा नाही. खटल्याच्या नावावरून क्रिश्चन डॉक्ट्रिन म्हणून ओळखलं जाणारं हे तत्त्व आजही लागू आहे. खासगी व्यवहारात असं कुणी म्हटलं असतं तर कोर्टाने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

या कलमाची धग २०२५ साली पुन्हा जाणवली. त्या वर्षाच्या सुरुवातीला अनेक खात्यांनी, विशेषतः परदेशी मदतीच्या खात्याने, धडाधड करार संपवले. अशा वेळी कंत्राटदाराला झालेल्या कामाचे पैसे, त्यावरचा वाजवी नफा आणि काम आवरण्याचा खर्च मिळतो. न झालेल्या कामाचा नफा मिळत नाही. हिशोबाचा प्रस्ताव साधारणपणे एका वर्षाच्या आत द्यावा लागतो. कुणी, कोणत्या दिवशी, किती तास काम केलं याच्या नोंदी ज्याने ठेवल्या नाहीत, त्याला चांगला वकीलही फार काही मिळवून देऊ शकत नाही.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर नोंदणीचा फॉर्म.)

आता मागे, दरवाजाशी येऊ. काम मिळवायचं तर सॅम या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी हवी. ती फुकट आहे. दरवर्षी नूतनीकरण करायचं, तेही फुकट. नोंदणी झाली की सरकारी वाटावेत असे ईमेल यायला लागतात : तुमची नोंदणी संपत आली आहे, इतके डॉलर भरा. बहुतेकदा ही खासगी दुकानं असतात. कायदेशीर सल्ल्यावर शंभर डॉलर खर्च करताना दहा वेळा विचार करणारे मालक असल्या ईमेलला घाबरून कितीतरी जास्त भरून मोकळे होतात, याचं नवल वाटतं.

सरकारच्या एकूण कंत्राटांच्या रकमेपैकी किमान २३ टक्के रक्कम छोट्या कंपन्यांना जावी, असं कायद्यातलं उद्दिष्ट आहे. वाजवी भावात काम करणाऱ्या निदान दोन छोट्या कंपन्या पुढे येतील अशी रास्त अपेक्षा असेल, तर बरीच कामं फक्त छोट्यांसाठी राखून ठेवायची असतात. हा ‘रूल ऑफ टू’. मेरीलँडची किंगडमवेअर ही माजी सैनिकाची छोटी कंपनी याच मुद्द्यावर माजी सैनिकांच्या खात्याशी भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१६ साली ८ विरुद्ध ० मतांनी जिंकली.

पण छोटी म्हणजे किती छोटी? ते धंद्याच्या प्रकारावर ठरतं. संगणक प्रणालींच्या रचनेचं काम करणाऱ्या कंपनीसाठी उलाढालीची मर्यादा आहे वर्षाला ३.४ कोटी डॉलर, तीही ५ वर्षांच्या सरासरीने. कारखान्यांसाठी उलाढाल नाही, माणसं मोजतात. मोजताना फक्त तुमची कंपनी धरत नाहीत. तुमच्याशी संलग्न असलेल्या कंपन्यांचीही बेरीज होते.

इथे आपल्या माणसांनी कान टवकारावेत. व्हर्जिनिया, मेरीलँड, न्यू जर्सीत मराठी मंडळींच्या आयटी कंपन्या आहेत आणि त्या पुष्कळदा घरातूनच उभ्या राहिलेल्या असतात. एक कंपनी भावाची, एक वहिनींची, ऑफिस एकच, हिशोबनीस एकच, अडल्यानडल्याला एकमेकांकडून उसने पैसे. घरात याला आपण एकोपा म्हणतो. नियम सांगतो की नवरा-बायको, आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं यांच्या कंपन्या एकमेकींशी व्यवहार करत असतील, किंवा जागा, माणसं, कर्ज यांची देवाणघेवाण करत असतील, तर त्या संलग्न आहेत असंच गृहीत धरायचं. नाहीत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर. दोघींची उलाढाल एकत्र मोजली की ‘छोटी’ कंपनी एका रात्रीत मोठी होते. व्यवहार व्यवहाराच्या रीतीने, बाजारभावाने, कागदावर होत असतील तर वाचवायला काहीतरी हाती असतं. वकिलाकडे जायचं ते या टप्प्यावर, टेंडर भरण्याआधी.

आणखी एक दरवाजा होता, ८(ए) योजनेचा. सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या मागे राहिलेल्या अमेरिकी नागरिकांच्या कंपन्यांना ९ वर्षं राखीव कामांची संधी. नागरिकांच्या, हे महत्त्वाचं. ग्रीन कार्ड पुरत नाही. भारतीय उपखंडातून आलेल्यांना अनेक वर्षं सामाजिक अडचण वेगळी सिद्ध करावी लागत नसे, ती गृहीत धरली जाई. जुलै २०२३ मध्ये टेनेसीतल्या केंद्रीय जिल्हा न्यायालयाने अल्टिमा या कंपनीच्या खटल्यात ही गृहीतकाची सोय घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर अर्जदारांना आपल्यावर झालेल्या भेदभावाचं कथन स्वतः लिहून द्यावं लागलं. आमच्या मते, असं कथन पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेणं हा मोठा धोका आहे. ते तुमच्या सहीने जातं, आणि खोटं निघालं तर जाब तुम्हाला विचारला जातो.

(दृश्य : १८६० च्या दशकातली यादवी युद्धाची छायाचित्रं, पुरवठ्याच्या गाड्या.)

खोट्याचा हिशोब घेणारा कायदा १८६३ चा आहे. लिंकन यांच्या काळात, यादवी युद्धात सैन्याला भेसळीचा माल विकणाऱ्या पुरवठादारांसाठी केलेला. फॉल्स क्लेम्स ॲक्ट. नुकसानीच्या तिप्पट वसुली, वर दंड. फिर्याद तुमचा नाराज कर्मचारीही करू शकतो आणि वसुलीतला वाटा त्याला मिळतो. कंपनी छोटी नसताना जाणूनबुजून छोटी म्हणून राखीव काम घेतलं, तर २०१० च्या कायद्यानुसार सरकारचं नुकसान कराराच्या पूर्ण रकमेइतकं मानलं जातं. काम उत्तम केलं होतं, हे सांगून फारसं भागत नाही.

नुसतं नाव पुढे करून काम दुसऱ्याकडून करून घेणंही यातच येऊ शकतं. राखीव सेवा-कंत्राटात सरकारकडून मिळालेल्या रकमेच्या ५० टक्क्यांहून जास्त पैसे तुमच्यासारख्याच राखीव वर्गात न बसणाऱ्या पोटकंत्राटदारांकडे जाता कामा नयेत.

(दृश्य : भिंतीवरचं घड्याळ.)

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही आपली सवय इथे घात करते. टेंडरची वेळ दुपारी २ ची असेल आणि ईमेल २ वाजून १ मिनिटाने पोचला, तर अगदी मोजके अपवाद सोडता तो उघडलाही जात नाही.

काम दुसऱ्याला गेलं, तर घड्याळ आणखी जोरात पळतं. वाटाघाटीच्या मोठ्या खरेदीत हरलेल्याला कारणं ऐकण्याचा हक्क असतो. त्याला डीब्रीफिंग म्हणतात. पण निकाल कळल्यापासून ३ दिवसांत ते लेखी मागावं लागतं. जिंकलेली कंपनी छोटी नाहीच, असा आक्षेप असेल तर कामकाजाचे ५ दिवस. गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाकडे निकालाविरुद्ध हरकत घ्यायची तर साधारणपणे १० दिवस, सुट्ट्या धरून. १९८४ च्या कायद्याने या हरकतीला मोठी ताकद दिली आहे. ती निकालानंतर १० दिवसांत, किंवा हक्काच्या डीब्रीफिंगनंतर ५ दिवसांत गेली, तर जिंकलेल्याचं काम सहसा थांबतं. मात्र हरकत आल्याची सूचना त्या कार्यालयाकडून खात्याला मुदतीच्या आत पोचावी लागते, म्हणून अनुभवी वकील शेवटचा दिवस उजाडू देत नाहीत. निर्णय १०० दिवसांत येतो.

तिथे वकील सक्तीचा नाही. पण प्रतिस्पर्ध्याच्या प्रस्तावाचे कागद गोपनीयतेच्या आदेशाखाली फक्त परवानगी मिळालेल्या वकिलांनाच पाहता येतात, मालकाला नाही. कागद न पाहता भांडायचं असेल तर एकट्याने जा. कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये मात्र कंपनीला वकिलाशिवाय उभंच राहता येत नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरंच आहे. वकिलाची पायरी मात्र लवकर चढावी. तेवढेही पैसे नसतील त्यांच्यासाठी एपेक्स ॲक्सिलरेटर नावाची सल्ला केंद्रं अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत. नोंदणी, टेंडर शोधणं, प्रस्ताव वाचून बघणं यासाठी त्यांची मदत बहुतेकदा फुकट मिळते. ती माणसं वकिली करत नाहीत, पण वकील कधी गाठायचा हे त्यांच्याकडून कळतं.

आणि पैसे अडले तर? ‘कृपया लक्ष घालावे’ अशी पत्रं पाठवत राहणाऱ्याचं घड्याळ सुरूच होत नाही. १९७८ च्या कायद्याप्रमाणे रीतसर दावा लागतो : लेखी, ठरावीक रकमेचा, कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरकडे अंतिम निर्णय मागणारा. रक्कम १ लाख डॉलरच्या वर असेल तर कायद्याने ठरवलेल्या शब्दांतलं प्रमाणपत्र सहीसकट जोडायचं. दावा पोचल्या दिवसापासून व्याज लागू होतं. निर्णय विरुद्ध गेला तर अपील मंडळाकडे ९० दिवस, कोर्टाकडे १२ महिने. मूळ दावा करायला मिळतात ६ वर्षं. या सगळ्या धावपळीत एवढी एकच मुदत ऐसपैस आहे, आणि तीही हातची घालवणारे कंत्राटदार असतात.