घोड्याच्या वाटेवरून सायकल

नमस्कार मंडळी. आज एका अशा वाटेबद्दल बोलायचंय जी सायकलसाठी बनवलीच नव्हती, आणि तरी सायकलवर सामान लादून आठ-दहा दिवस भटकायचं तर तिच्याइतकी सोयीची वाट दुसरी नाही. कालव्याच्या काठची वाट. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडं नाहीतर शेतं, मागून हॉर्न नाही, पुढून ट्रक नाही, आणि दिवसभर पायडल मारलं तरी चढ म्हणावा असा चढ नाही.

चढ का नाही ते आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यातूनच येतं. मी शेताला पाणी देणाऱ्या कालव्याबद्दल बोलत नाहीये, माल वाहून नेणाऱ्या बोटींसाठी खोदलेल्या कालव्याबद्दल बोलतोय. त्यात पाणी जवळजवळ उभं असावं लागतं, म्हणून खोदणारे टेकडी आली की तिला वळसा घालत एकाच उंचीवरून जात राहतात, आणि जिथे खाली उतरल्याशिवाय इलाजच नाही तिथे लॉक बांधतात. लॉक म्हणजे मागेपुढे दरवाजे असलेला एक दगडी हौद, बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी सोडून द्यायचं, बोट अलगद खाली जाते, मग पुढचा दरवाजा उघडायचा. म्हणजे सगळा उतार त्या लॉकपाशी गोळा झालेला असतो. सायकलवर हे असं कळतं की बराच वेळ गिअरला हातही लावावा लागत नाही आणि मग एकदम समोर छोटासा उंचवटा येतो, दोन-तीन मीटर चढलात की संपलं, परत सपाट.

आणि ही वाट मुळात कोणाची, तर घोड्याची. इंजिनं यायच्या आधी बोटीला लांब दोर बांधायचा आणि काठावरून घोडा नाहीतर खेचर तो ओढत चालायचं. गाडीला जुंपलेला घोडा खडबडीत रस्त्यावर टन-दोन टन ओढून दमायचा, तोच घोडा पाण्यातली 30 टनांची बोट ओढायचा. तर त्या घोड्याला दिवसभर चालवायचं म्हणून वाट सपाट, वळणं सौम्य, आणि पूल आला तर वाट पुलाखालून काढलेली, उगाच वर चढवून परत उतरवायचं काम नाही. इंग्लंडमधल्या मॅक्लसफील्ड कालव्यावर, 1831 सालचा आहे तो, काही ठिकाणी वाट या काठावरून त्या काठावर जाते, आणि तिथले दगडी पूल सापासारखे वेटोळे घातलेले आहेत. का, तर घोडा पुलावर चढून पलीकडे उतरतो आणि मग त्याच पुलाच्या खालून पुढे निघतो, म्हणजे दोर सोडायलाच नको! मला तर हा पूल म्हणजे डोकं लावलं की काय होतं त्याचा नमुना वाटतो, कोणी घोड्याची सोय बघितली आणि दोनशे वर्षांनी माझी झाली.

पण या प्रकारात सगळ्यात नावाजलेला म्हणजे फ्रान्सचा कॅनाल द्यु मिदी. तुलुझपासून भूमध्य समुद्राजवळच्या खाडीपर्यंत, 240 किलोमीटर. पिएर-पॉल रिके नावाचा माणूस, इंजिनिअर वगैरे नाही, मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी, त्याने फ्रान्सच्या राजाला, चौदाव्या लुईला, पटवलं आणि 1666 मध्ये हुकूम निघाला. खोदणं हा प्रश्न नव्हताच, प्रश्न हा की कालव्याचा सगळ्यात उंच भाग समुद्रसपाटीपासून 189 मीटरवर, तिथे पाणी आणायचं कुठून? कारण बोट खाली गेली की दरवेळी हौदभर पाणीही खाली जातं. रिकेने बाजूच्या डोंगरांतले ओढे वळवले, मोठं धरण बांधलं आणि ते पाणी बरोबर माथ्यावर आणून सोडलं, तिथून ते दोन्हीकडे वाहतं. 1681 मध्ये कालवा सुरू झाला आणि रिके त्याच्या काही महिने आधीच गेला, बघायला मिळालंच नाही बिचाऱ्याला.

आता फोटो बघून लोक तिकडे जातात, दोन्ही बाजूला प्लेन नावाच्या झाडांची कमान आणि खाली हिरवं पाणी, तर दोन गोष्टी ऐकून ठेवा. एक, त्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, 2006 मध्ये तिथे सापडला, एकदा लागला की झाड वाचत नाही, त्यामुळे हजारो झाडं तोडावी लागली आणि काही पट्टे आता उघडेबोडके आहेत, नवीन लावलेली झाडं अजून लहान. दुसरं, वाट सगळीकडे सारखी नाही. तुलुझहून निघालात की पहिले साधारण 50 किलोमीटर गुळगुळीत डांबर, माणसाला वाटतं असंच समुद्रापर्यंत जायचं, आणि मग पुढे बऱ्याच ठिकाणी मातीची पायवाट आणि तिच्यात आडवी आलेली झाडांची मुळं. माझ्या मागच्या कॅरिअरची पिशवी अशाच एका मुळावर आपटून हुकातून सुटली, घरंगळत गेली आणि पाण्यापासून वीतभर अंतरावर झुडपात अडकली, त्यात कोरडे कपडे आणि तंबू दोन्ही होतं. तेव्हापासून मी हुकाला वरून एक पट्टा बांधतो आणि पातळ टायर घेऊन असल्या वाटेवर जात नाही, निदान 38-40 मिलिमीटरचे हवेत आणि हवा थोडी कमी ठेवायची, खडखडाट निम्मा होतो. ज्याला डांबरच पाहिजे त्याने तुलुझहून उलट्या दिशेला जावं, गारोनचा कालवा, 193 किलोमीटर, 1856 मध्ये पुरा झाला, तिथे बहुतेक सगळी वाट पक्की आहे आणि आजां गावाजवळ कालवाच पुलावरून नदी ओलांडतो, 23 कमानींचा 539 मीटरचा दगडी पूल, खाली नदी, वर बोट आणि बोटीच्या बाजूला तुम्ही.

वारा मात्र विसरू नका. सपाट वाटेवर लोक बेसावध असतात. डोंगरात चढ संपला की उतार मिळतो, समोरच्या वाऱ्यात तसलं काही नाही, सकाळी निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत तो तोंडावर. त्या तुलुझच्या भागात दोन वारे ठरलेले, आग्नेयेकडून ओतां आणि वायव्येकडून सेर्स, तेव्हा कुठून कुठे जायचं ते वाऱ्याचा अंदाज बघून ठरवा, तिकीट कुठलं स्वस्त मिळतं त्यावरून नाही. आणि बेल लावा सायकलला, प्लीज. मासे धरणारी मंडळी अख्खा लांब गळ वाटेवर आडवा टाकून बसतात, तो पुसट काळा असतो, दिसत नाही, आणि चूक आपलीच धरली जाते.

बरं, दहा दिवस नुसता कालवाच बघितला तर कंटाळा येतो, खोटं कशाला बोला. पाणी, झाड, पाणी, झाड. मी तिसऱ्या दिवशी कालवा सोडून बाजूच्या गावरस्त्यांवर जातो आणि संध्याकाळी परत येतो. गाडी क्वचित येते, थोडा चढउतार मिळतो, पायांनाही बदल. यासाठी बेल्जियम आणि नेदरलँड्सची पद्धत मला सगळ्यात आवडते, 1995 च्या सुमारास बेल्जियमच्या लिंबुर्ग भागात सुरू झाली, एका खाण इंजिनिअरच्या डोक्यातून निघालेली. शांत रस्ते आणि कालव्याच्या वाटा जिथे एकमेकांना मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला नंबर. सकाळी कागदावर लिहायचं, 14, 27, 31, 8, कागद हँडलला चिकटवायचा आणि पाट्या बघत जायचं. मोबाईल खिशात.

शेवटी एक गोष्ट सांगतो, कारण ही वाट गेलीच होती. अमेरिकेत वॉशिंग्टनपासून कंबरलँडपर्यंत सी अँड ओ, म्हणजे चेसापीक अँड ओहायो, कालव्याची 297 किलोमीटरची वाट आहे. 1828 मध्ये खोदाई सुरू, 1850 मध्ये कशीबशी कंबरलँडला पोचली, तोवर रेल्वे आधीच येऊन बसलेली, आणि 1924 च्या पुरानंतर बोटी बंदच पडल्या. 1950 च्या सुमारास सरकारात विचार चालला की या पट्ट्यावरून मोटारींचा रस्ता काढू. वॉशिंग्टनच्या एका मोठ्या पेपरने त्याला पाठिंबा दिला. तर सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहिलं की या, माझ्याबरोबर चालून बघा आणि मग बोला. 1954 च्या मार्चमध्ये निघाले, बरेच जण बरोबर होते, शेवटपर्यंत सगळं अंतर चालले फक्त 9. पेपरने मत बदललं, रस्ता झाला नाही, आणि 1971 मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं.

त्या वाटेवर पॉ पॉ नावाचा बोगदा आहे, 950 मीटर लांब, कालवा आणि वाट दोन्ही आतून जातात, आत मिट्ट काळोख. तिथे सायकलवरून उतरा, टॉर्च लावा आणि सायकल हातात धरून न्या, एका बाजूला पाणी आहे. मधे कुठेतरी थांबून कठड्याच्या लाकडावरून बोटं फिरवा. खेचरांच्या दोरांनी घासून घासून पडलेल्या खाचा आहेत त्यात, काहींमध्ये अख्खं बोट मावतं. टॉर्चची बॅटरी मात्र जास्तीची घ्या, मी घेतली नव्हती.