दहा यार्ड राहिले तर राहिले

नमस्कार मंडळी, आज क्रिकेट जरा बाजूला ठेवूया, अमेरिकन फुटबॉलमधल्या एका माणसाबद्दल बोलायचंय, बॅरी सँडर्स. हा खेळ म्हणजे हेल्मेट घातलेल्यांची ढकलाढकली असं ज्यांना वाटतं (मलाही वाटायचं) त्यांना एवढंच सांगते, रनिंग बॅक म्हणजे बॉल काखेत मारून पळणारा गडी, त्याला आडवा करायला समोर अकरा जण टपलेले, आणि तो जेवढा पुढे जाईल ते यार्डात मोजायचं, एक यार्ड म्हणजे तीन फूट.

बॅरी कॅन्ससमधल्या विचिटाचा, वडील घरांच्या छपरांची कामं करायचे. उंची 5 फूट 8 इंच, या खेळात म्हणजे बुटकाच. कॉलेजला ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत गेला तर तिथे पहिली दोन वर्षं थर्मन थॉमसच्या मागे बदली खेळाडू, आणि थॉमसही काही साधासुधा नव्हता हो, पुढे तोही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला. मग 1988 ला बॅरीचा नंबर लागला आणि पठ्ठ्याने 11 मॅचमध्ये 2,628 यार्ड आणि पळून 37 टचडाउन (म्हणजे बॉल घेऊन समोरच्यांच्या टोकाची रेषा पार करणं) काढले, सीझननंतरची बोल मॅच यात धरलेलीच नाही, तेव्हा ती धरत नसत. कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात मोठा मान म्हणजे हाइजमन ट्रॉफी, ती याला जाहीर झाली तेव्हा हा टोकियोत, कारण टीमची सीझनमधली शेवटची मॅच तिथे होती.

आता तो पळायचा कसा? खो-खो खेळलेल्यांना हूल म्हणजे काय ते सांगायला नको. पाय एकीकडे, खांदे दुसरीकडे, समोरचा झेप घेतो आणि त्याच्या हातात नुसती हवा, तोवर बॅरी उलट्या बाजूने सुटलेला. कधी कधी या नादात मागेच जायचा आणि यार्ड गमवायचा, त्यावरून लोक नावं ठेवायचे, पण 1997 मध्ये टँपा बेविरुद्ध एकाच मॅचमध्ये 80 आणि 82 यार्डांचे दोन टचडाउन, तेव्हा कोण काय बोलणार.

1989 ला एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या डेट्रॉइट लायन्स टीमने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, तिसऱ्या नंबरवर घेतलं. पहिल्याच सीझनची शेवटची मॅच, लायन्स जिंकणारच होते, आणि लीगमध्ये सगळ्यात जास्त यार्डांचा मान मिळायला याला फक्त 10 कमी होते. कोचने विचारलं, जातोस का परत मैदानात? हा नाही म्हणाला. मान गेला कॅन्सस सिटीच्या क्रिश्चन ओकोयेला, 1,480 विरुद्ध 1,470. टचडाउन केल्यावर नाच नाही, बॉल आपटणं नाही, गुपचूप रेफरीच्या हातात द्यायचा आणि बाकावर जाऊन बसायचा.

1997 चा सीझन सुरू झाला तो रडतच, पहिल्या दोन मॅच मिळून जेमतेम 53 यार्ड, आणि मग ओळीने 14 मॅचमध्ये शंभराच्या वर! सीझनअखेर 2,053. एमव्हीपीचा, म्हणजे सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान ब्रेट फार्वसोबत वाटून घेतला. पण टीमचं काय, तर बॅरीच्या दहा वर्षांत प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची एकच मॅच जिंकली, डॅलसविरुद्ध 38-6, आणि पुढच्याच मॅचला वॉशिंग्टनकडून 41-10 असा मार खाल्ला. दरवर्षी असं हरायला लागलं की मन उडतंच ना.

1999 चा जुलै. अख्ख्या कारकिर्दीत पळून सगळ्यात जास्त यार्ड काढायचा वॉल्टर पेटनचा विक्रम 16,726 चा, बॅरी 15,269 वर, राहिले 1,457, आणि आदल्या सीझनला हा 1,491 पळालेला, म्हणजे अजून एक वर्ष खेळला असता तर काम फत्ते. सराव शिबिर तोंडावर आलेलं आणि याने गावच्या पेपरला, विचिटा ईगलला, फॅक्स पाठवला की मी थांबतोय, आणि स्वतः लंडनला निघून गेला. वय फक्त 31. डेट्रॉइटमध्ये लोक भयंकर चिडले, आणि खरं सांगू, मी तिथली असते तर मीपण चिडले असते.

2023 मध्ये लायन्सनेच आपल्या फोर्ड फील्ड स्टेडियमबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा उभा केला. पळतानाचा आहे, बॉल अजून हातातच, रेफरीला द्यायचा राहिलाय.